गाडी खरंच बिघडली होती

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की उकंडा शनिवारीच दाढी करून घ्यायचा, धुतलेला सदरा घडी घालून उशाखाली ठेवायचा आणि जीपचं पाणी-तेल दोनदोनदा बघायचा. नेरच्या कुष्ठरोग दवाखान्यात तो ड्रायव्हर होता. त्या रविवारी दवाखान्याची जीप औषधं आणायला वर्धा नदीपलीकडच्या आश्रमात जायची, आणि आश्रमात भेटीचा वारही तोच असायचा. उकंडाची बायको पंचफुला तीन वर्षांपासून त्या आश्रमात होती.

छप्पनच्या दसऱ्याला दोघं नागपूरला दीक्षेला गेली, तेव्हा तिच्या अंगावर काही नव्हतं. निदान कोणाला दिसलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एकदा भाकरी टाकताना तिचं मनगट तव्याच्या काठाला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं खाली पाहिलं. दुखलं मात्र काहीच नाही. उकंडानं त्याच आठवड्यात तिला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टर भगवानरावांकडं नेलं. डॉक्टरांनी मोराचं पीस तिच्या हातावरून फिरवलं, तिला डोळे मिटायला लावून "कुठं लागतं ते सांग" म्हणाले. उकंडा बाजूला उभा होता. पीस फिरत होतं आणि ती काहीच सांगत नव्हती, हे त्याला आयुष्यभर विसरता आलं नाही.

ती आश्रमात गेली तेव्हापासून घर ओकंबोकं झालं. मूलबाळ नव्हतं. उकंडा स्वतःच चूल पेटवायचा, स्वतःच भाकर थापायचा आणि एकच भाकर थापायची सवय त्याच्या हाताला काही केल्या लागत नव्हती. दिवसभरात गाडीवर काही घडलं, कोणी काही बोललं, शेजारच्या बेबीताईच्या शेळीला दोन पिल्लं झाली, की त्याला वाटायचं, हे पंचफुलाला सांगायचं. मग तो ते मनात ठेवून द्यायचा. महिनाभराचं असं साठायचं. आश्रमातल्या कडुनिंबाखाली दोन बाकं समोरासमोर ठेवलेली होती. एकावर ती, एकावर तो. मध्ये चार हात जागा. तेवढ्या जागेतून तो महिनाभराचं सगळं तिला सांगायचा आणि ती पदराचं टोक दातात धरून ऐकायची.

साठच्या दिवाळीआधी डॉक्टरांनी जीपला रंग द्यायचं काढलं. जीप लढाईच्या काळातली, लिलावात घेतलेली. तिचा खाकी रंग पाहून खेड्यातली माणसं घराच्या मागच्या दारानं पसार व्हायची. कोणाला वाटायचं पोलीस आले, कोणाला वाटायचं जंगलखात्याचा साहेब आला. डॉक्टर म्हणाले, "पांढरी करून टाकू. दवाखान्याची गाडी दवाखान्यासारखी दिसू दे." पेंटर आला. उकंडानं दिवे, बॅटरी, तारा, जे निघेल ते काढून दिलं आणि पेंटरनं चांगले दोन जाड हात मारले, बॉनेटच्या आतूनसुद्धा. वाळल्यावर उकंडानं सगळं जागच्या जागी बसवलं. गाडी बगळ्यासारखी दिसायला लागली. पंचफुलानं पाहिली तर काय म्हणेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो एकटाच हसला.

पण कार्तिकातल्या रविवारी ती गाडी आश्रमापर्यंत पोचलीच नाही. यवतमाळ मागं पडलं, कळंब मागं पडलं, आणि नदी अजून बरीच लांब असताना इंजिन खोकायला लागलं. उकंडानं समोरच्या काट्याकडं पाहिलं. डायनमो बॅटरीला वीज देत असला की तो काटा उजवीकडं कलतो, आणि बॅटरी नुसतीच खर्ची पडत असली की डावीकडं. काटा डावीकडं होता. जीप दोन झटके खाऊन थांबली. हॅन्डल मारून मारून उकंडाचे दंड भरून आले, पण बॅटरीतच जीव नव्हता तर ठिणगी कुठून पडणार? सोबत आलेले डॉक्टर समोरून येणाऱ्या बसमध्ये चढून परत गेले. उकंडा गाडीजवळ थांबला आणि शेवटी एका भल्या शेतकऱ्याच्या बैलजोडीनं ती पांढरीफेक जीप कळंबपर्यंत ओढत आणली. नदीकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "आश्रमात निरोप देजो भाऊ. पंचफुला म्हणून हाय. म्हणा, गाडी बिघडली." ट्रकवाल्यानं मान हलवली होती.

मार्गशीर्षात डॉक्टरच तापानं पडले. गावोगावच्या रोग्यांना गोळ्या वाटायचं काम उकंडावर आलं. जीप बंद, म्हणून सायकलवर पेटी बांधून तो बोरी अरबकडच्या खेड्यांत हिंडत राहिला. रविवार आला तसा गेला. त्या दिवशी एका बांधावर बसून त्यानं भाकर सोडली आणि तशीच परत बांधली. कडुनिंबाखालच्या बाकावर ती येऊन बसली असेल. किती वेळ बसली असेल? कोणी तिला म्हटलं असेल का, की चल आता आत?

डॉक्टर बरे झाले आणि उकंडा जीपच्या मागं हात धुऊन लागला. लढाईच्या वेळी तो आसामात लष्करी कारखान्यात होता. तिथं त्याला एक गोष्ट शिकवली होती, की आधी सोपं बघावं, मग अवघड. त्यानं पंख्याचा पट्टा बघितला. ताणलेला होता. डायनमो उघडून आतले ब्रश बघितले. झिजले होते, ते बदलले. ज्या तांब्याच्या गोल तुकड्यावर ते घासतात तो बारीक पॉलिशपेपरनं घासून लखलखीत केला. बॅटरी यवतमाळहून भरून आणली. गाडी चालू केली. काटा डावीकडंच.

मग त्यानं डायनमोच्या दोन्ही तारा सोडल्या. एका टोकाला तार लावून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, दुसऱ्या टोकाला दिव्याचा बल्ब जोडला आणि गाडी हळूच चालू ठेवली. बल्ब असा उजळला की उकंडाला डोळे बारीक करावे लागले. म्हणजे डायनमो वीज करत होता. ती बॅटरीपर्यंत जात नव्हती. दोघांच्या मध्ये एकच वस्तू होती, कटआउटची डबी. डायनमोची वीज हवी तेव्हा बॅटरीकडं सोडणं आणि नको तेव्हा अडवणं, हे तिचं काम.

उकंडानं डबी काढली, आतले पॉइंट घासले, परत लावली. काटा हलला नाही. तेव्हा ती रुमालात बांधून तो यवतमाळला लालसिंग मिस्त्रीकडं गेला. लालसिंगच्या दारात जंगलाच्या ठेकेदाराची तसलीच एक जुनी जीप उभी होती. लालसिंगनं तिची डबी काढून उकंडाची बसवली आणि गाडी चालू केली. काटा झटकन उजवीकडं गेला.

"हे तं चांगली हाय गड्या!" लालसिंग म्हणाला. "तुह्या कटआउटले काहीच झालं नाही."

"मंग माह्या गाडीवर काहून चालत नाही?"

"तुह्या गाडीले पूस."

उकंडानं हसून डबी परत रुमालात बांधली, पण बसमध्ये त्याचं तोंड उतरलं. डायनमो चांगला, डबी चांगली, बॅटरी चांगली. आणि गाडी मेलेली. माणूस चुकला तर त्याला विचारता येतं, बाबा तुझं काय चुकलं. इथं सगळेच बरोबर होते. पौषातला रविवार चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबी परत लावायला घेतली. दवाखान्याच्या अंगणात कोवळं ऊन आलं होतं. तारा त्यानं जोडल्या, पण डबीचा एक स्क्रू हातातून निसटून खाली मातीत पडला. डबी डाव्या हातात तशीच धरून त्यानं डॉक्टरांना हाक मारली, "साहेब, जरा गाडी चालू करून काट्याकडं पाहा न." डॉक्टर शाल पांघरूनच आले आणि सीटवर बसले. इंजिन सुरू झालं. काटा डावीकडं. उकंडानं पान्यानं तारेचा नट आवळायला घेतला, आणि डॉक्टर एकदम ओरडले,

"अरे, हलला! काटा हलला!"

ओरडताना ते असे उठले की वरच्या हुडाच्या दांडीवर त्यांचं डोकं आपटलं.

"काय केलंस तू?" डोकं चोळत त्यांनी विचारलं.

"मी काहीच नाही केलं साहेब."

"काहीतरी केलंस. परत कर."

उकंडानं पाना परत तिथंच नेला. काही नाही. थोडा वर. काही नाही. मग पान्याचं एक टोक डबीच्या बुडाला लागलं आणि दुसरं इंजिनाला.

"हलला!" डॉक्टर म्हणाले. या वेळी ते बसूनच होते.

उकंडा पाना लावत राहिला, काढत राहिला. लावला की काटा उजवीकडं, काढला की डावीकडं. मग त्यानं डबीची जागा पाहिली. जाड पांढरा रंग, आरशासारखा गुळगुळीत. लालसिंगच्या दारातल्या त्या जीपला मात्र रंगच उरला नव्हता, तिथं डबी नागड्या लोखंडावर बसली होती. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं, आणि परत येण्याची वाट गाडीच्या अंगातल्या लोखंडातूनच असते. ती वाट रंगानं बुजवली होती. डबी बसवली होती उकंडानंच, स्वतःच्या हातानं, नव्या रंगावर ओरखडा पडू नये म्हणून जपून.

त्यानं चाकू घेतला आणि डबीच्या जागेवरचा, स्क्रूच्या भोकांभोवतालचा रंग खरवडून काढला. आतलं काळं लोखंड उघडं पडलं. डबी आवळून बसवली. गाडी चालू केली. काटा उजवीकडं गेला आणि तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाले, "इतकुसं?" उकंडाचे डोळे भरून आले होते आणि ते डॉक्टरांना दिसू नयेत म्हणून तो मातीत पडलेला स्क्रू शोधायला वाकला.

रविवारी पहाटे ते निघाले. उकंडानं ओल्या तुरीच्या शेंगा फडक्यात बांधून घेतल्या होत्या. कळंबच्या पुढं जिथं गाडी थांबली होती ती जागा मागं गेली, नदी आली, चाकं पाण्यातून सरसर निघाली. आश्रमाच्या फाटकात जीप शिरली तेव्हा कडुनिंबाखाली पाचसहा बाया बसलेल्या होत्या. पंचफुला त्यांत नव्हती.

निरोप पाठवल्यावर ती आली. नेहमीच्या बाकावर बसली, पण पाठ थोडी वळवून. डाव्या हाताची आखडलेली दोन बोटं तिनं पदराखाली घेतली होती. एरवी ती त्याच्यापासून कधी लपवत नसे.

"गाडी बिघडली होती," उकंडा म्हणाला.

"हाव."

"निरोप धाडला होता मी. ट्रकवाल्यापाशी."

"नाही आला."

हिला झालं काय, ते उकंडाला कळेना. शेवटी तीच बोलली, खाली बघून, सावकाश.

"इथं समद्याइच्याच गाड्या बिघडतेत. त्या कोपऱ्यातल्या बाईच्या नवऱ्याचे बैल मेले. एकीचा नवरा म्हणे नदी चढली, तवा उन्हाळा होता. पयले एक महिना येत नाहीत, मंग दोन. मंग कोणी सांगते का त्यानं दुसरी केली. मी काही म्हणत नाही तुमाले. तुमी एवढे दिवस आले, तेच लय झालं."

काय सांगावं? आणाभाका घ्याव्या तर त्या बैलवाल्यानंही घेतल्या असतील. त्याला दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून त्यानं जे घडलं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पट्टा कसा ताणून पाहिला. ब्रश कसे झिजले होते, आणि नवे मिळेनात म्हणून दुसऱ्या डायनमोचे मोठे ब्रश कानशीनं घासून कसे बसवले. बल्ब कसा पेटला. लालसिंग काय म्हणाला. ती बघत नव्हती, तरी तो सांगत राहिला. मध्येच विसरला म्हणून मागं गेला आणि बॅटरीचं परत सांगितलं. डबीत दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची, एक बारीक तारेची, आणि बारीक तारेचं टोक डबीच्या बुडाला जोडलेलं असतं, हे त्यानं बोटानं मातीत काढून दाखवलं.

पंचफुला हळूहळू वळली होती. तिनं मातीतल्या रेघांकडं पाहिलं.

"मंग डबी चांगली, डायनमो चांगला, तं बिघडलं काय होतं?"

"तेच तं! तेच मले समजे ना!" उकंडा बाकावरून अर्धा उठला. "डॉक्टरसायबाइले म्हटलं, काट्याकडं पाहा. मी आपला नट आवळून राह्यलो होतो. तं सायेब एकदम वरडले, हलला हलला, अन् उठले तं डोक्स दांडीले असं आपटलं..."

त्यानं स्वतःच्या डोक्यावर टप्पल मारून दाखवली. पंचफुलाच्या तोंडातून पदर सुटला. ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग मोकळी. बाकीच्या बाया वळून बघायला लागल्या.

"रंग होता मंधात," उकंडा म्हणाला. "पेंटरनं मारला, अन् मी त्याच्यावर डबी बसवली. चल, दाखवतो तुले."

"राहू द्या." तिनं डोळे पुसले. "खोटं बोलणारा माणूस एवढं लांबवत नाही. तो म्हणते गाडी बिघडली, अन् मोकळा होते."

पण ती उठली आणि जीपजवळ आलीच. पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली. उकंडानं बॉनेट उघडून ती खरवडलेली जागा दाखवली. तिनं उजव्या हाताचं बोट त्या लोखंडावर ठेवलं. मग ती म्हणाली,

"माह्या तपासणीत जंतू निघाले नाहीत. आता लागोपाठ किती खेपा झाल्या. घरी जा म्हणतेत मले इथले डॉक्टर."

उकंडाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आज? आजच चाल मंग! जागा हाय गाडीत."

तिनं लोखंडावरचं बोट उचललं आणि सांगितलं. आश्रमात हातमाग आले होते. त्यावर काम शिकायला बाया हव्या होत्या. घरून कोणी न्यायला येणार नाही, अशा बायांना व्यवस्थापक बाबारावजींनी विचारलं, तेव्हा पंचफुलानं हो म्हटलं होतं. मार्गशीर्षातला रविवार संपत आला होता तेव्हा. त्या बाकावरून उठून ती सरळ त्यांच्याकडं गेली होती. आता सोबतीला तीन बाया तिच्या मागावर बसत होत्या. त्यांची बोटं तिच्याहून वाईट होती. धागा तुटला की जोडून ती द्यायची.

"चैतापर्यंत कबूल केलं मी," ती म्हणाली. "अर्ध्यावर टाकून येऊ काय?"

उकंडानं बॉनेट खाली केलं. त्याला म्हणावंसं वाटलं, चल, टाकून ये, तीन वर्षं झाली. एक महिना कसा जातो ते त्यालाच माहीत होतं. पण तो तिच्याकडं पाहत राहिला. ती या तीन वर्षांत इतकी ताठ उभी राहिलेली त्यानं पाहिली नव्हती.

"नको," तो म्हणाला. "पुरं करून ये."

परतताना सीटवर डॉक्टर होते, मागं औषधांच्या पेट्या होत्या, तरी गाडी त्याला रिकामी वाटली. दिवस मावळताना लाडखेडच्या रस्त्यावर कपाशीच्या बैलबंड्या लागल्या. उकंडानं दिवे लावले आणि त्या उजेडात बैलांचे डोळे एकामागून एक चमकत गेले. शेंगांचं फडकं तिनं धुऊन परत दिलं होतं. ते त्याच्या खिशात ओलंच होतं.

माघात तो गेला, फाल्गुनात गेला. चैत्रात, नदीत गुडघाभरही पाणी उरलं नव्हतं तेव्हा, तो तिला आणायला गेला. तिच्या हातात एक पत्र्याची पेटी होती आणि खांद्यावर तिनं स्वतः विणलेली चादर. डॉक्टर त्या दिवशी मुद्दाम मागच्या सीटवर बसले.

नदीच्या पात्रात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. पंचफुला म्हणाली, "थांबा न जरा," आणि उकंडानं वाळूच्या काठावर जीप उभी केली. एक म्हातारी झोपडीच्या सावलीत डांगर चिरून बसली होती. तिनं मोठी फोड काढली आणि पंचफुलापुढं केली. पंचफुलाचा उजवा हात चादर सावरण्यात गुंतला होता. तिनं क्षणभर थांबून डावा हात पुढं केला. म्हातारीनं त्या आखडलेल्या बोटांवर फोड नीट टेकवून ठेवली, पडणार नाही अशी, आणि दुसरी चिरायला घेतली.

पंचफुला उभ्यानंच खायला लागली. रस कोपरापर्यंत ओघळला. उकंडा चाकाजवळ उभा राहून उगाच नदीकडं पाहत होता.

"खा न तुमी," ती म्हणाली. "गोड हाय."